साठ किलोच्या आत

कोल्हापूरला जाऊन आले असं म्हटलं, की आमच्या नागपुरात लोक आधी विचारतात, तांबडा रस्सा खाल्ला का आणि चपला आणल्या का. चपला आणल्या नाहीत. रस्सा खाल्ला, पण अगदी शेवटच्या दिवशी. त्याआधी मी तिथे काय काय केलं हे सांगायला लागले, की ऐकणाऱ्याला वाटतं बाई थापा मारते आहे. गुऱ्हाळाच्या चुलवाणापुढे घोंगडी पांघरून बसले होते, हे वाक्य मी शाळेत शिक्षकांच्या खोलीत उच्चारलं तेव्हा भूगोलाच्या सरांनी हातातला चहा खाली ठेवला. म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहून काढते.

मी गणित शिकवते आणि उरलेल्या वेळात पॉवरलिफ्टिंग करते. हा खेळ ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. यात तीन प्रकार असतात. खांद्यावर लोखंडी दांडा घेऊन खाली बसायचं आणि उठायचं, ही बैठक. मग बाकावर उताणं पडून छातीवरून वजन वर ढकलायचं. आणि शेवटी जमिनीवरचं वजन दोन्ही हातांनी उचलून ताठ उभं राहायचं. प्रत्येक प्रकारात तीन संधी मिळतात आणि तिन्ही प्रकारांतल्या चांगल्यात चांगल्या वजनांची बेरीज होते. पण एका जरी प्रकारात तिन्ही संधी वाया गेल्या तर बेरीजच होत नाही, नावापुढे शून्य लागतं. गणिताच्या बाईंच्या नावापुढे शून्य! आणि तो पराक्रम मी ओळीने दोन स्पर्धांत केला होता, दोन्ही वेळा बैठकीत. नियम असा, की खाली बसताना कंबर गुडघ्याच्या खाली गेली पाहिजे. मी जायची, जायची आणि बोटभर वर थांबायची. पंच बाद द्यायचे.

दुसऱ्या शून्यानंतर आई म्हणाली, "आता एक डाव जा. या डावी बी शून्य आणलं, तर ते लोखंड मी भंगारवाल्याले देऊन टाकीन." आणि मी हो म्हटलं होतं. रागात नाही, शांतपणे. मलाच वाटायला लागलं होतं की आपल्या अंगात हा खेळ नसावा. म्हणजे १९९९ च्या जानेवारीत मी कोल्हापूरला निघाले ती असा करार करून.

कोल्हापूरच का, त्यालाही कारण होतं. तेव्हा बहुतेक स्पर्धा सूट घालून व्हायच्या. सूट म्हणजे कोट-पँट नव्हे. जाड, ताणलेल्या कापडाचा घट्ट पोशाख, जो खाली बसलं की स्प्रिंगसारखा वर ढकलतो. ज्याच्याकडे परदेशी सूट त्याची बेरीज मोठी. मी एका मैत्रिणीचा उसना, मापात न बसणारा सूट घालायची, आणि तो घालायला दोघीजणी लागायच्या. कोल्हापूरच्या एका तालमीने मात्र विनासूट स्पर्धा भरवायची ठरवलं. फक्त कमरेचा पट्टा चालेल. तालमीच्या वस्तादांचं त्यावरचं म्हणणं मला पुढे त्यांच्याच तोंडून ऐकायला मिळालं. "कापडानं वजन उचलायचं असंल, तर मग बक्षिसाची ढाल बी कापडालाच द्या की!"

गडमुडशिंगी

बाहेरगावच्या पुरुष खेळाडूंची सोय शाळेच्या वर्गांत होती आणि आम्हा बायकांची घराघरांत. माझ्या वाट्याला शहराजवळच्या गडमुडशिंगीत गौराक्कांचं घर आलं. पन्नाशीच्या, उंच, आवाज असा की अंगणातून बोलल्या तर रस्त्यावरच्याने ओ द्यावी. मी पिशवी घेऊन दारात उभी राहिले तर वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाल्या, "ह्याच व्हय वजन उचलणार? मला वाटलं दांडगी बाई यील कुणीतरी. या पावणं, या, पाय धुवा."

पाय धुऊन होईस्तोवर ताट वाढलेलं होतं. मी कोल्हापूरचं मटण खायच्या तयारीने आलेली. आमच्या सावजी रश्श्याशी याची तुलना करून कुणाचं तिखट खरं हे ठरवून टाकायचं होतं. अक्का म्हणाल्या, "आदीच सांगते, आमच्यात मटन न्हाय हं. आमी लिंगायत. पण दूध-तुपाला कमी पडू देणार न्हाय." आणि खरोखरच नाही दिलं. ज्वारीची भाकरी, घट्ट झुणका, चमच्याने कापावं असं म्हशीचं दही आणि हिरव्या मिरचीचा खर्डा. सावजीचं तिखट सावकाश चढतं, घाम फुटेपर्यंत दोन घास जातात. खर्डा असला काही संकोच बाळगत नाही. पहिल्या घासाला माझे कान वाजले आणि अक्कांचे यजमान मल्लाप्पा, जे एरवी दिवसभरात चार वाक्यं बोलत, ते खुशीत हसले.

आमच्याकडे पाहुण्याला "घेता का आणखी?" असं विचारतात आणि तो नको म्हणाला की भांडं उचलून नेतात. इथे विचारत नाहीत. नको म्हटलं की "घ्या की वो!" आणि ताटात पडलेलंच असतं. ताटावर हात आडवा धरला तर हातावर वाढतील अशी भीती वाटते. मी अक्कांना समजावून सांगितलं, की माझी नोंदणी साठ किलो वजनगटात आहे, स्पर्धेच्या सकाळी माझं वजन साठच्या वर गेलं तर मला सरळ बाहेर काढतील, नियमावलीतच तसं लिहिलंय. अक्कांनी ऐकून घेतलं आणि त्यांना ते अजिबात पटलं नाही.

"असं कुठं असतंय व्हय? वजन जास्त भरलं तर चांगलंच की. कारखान्यावर ऊस जास्त भरला म्हणून कुणी गाडी परत लावतंय?"

त्यांचा थोरला दीर कधीकाळी जत्रेतल्या कुस्त्या मारायचा. त्याला घरातल्यांनी कसं दूध-बदाम घालून वाढवलं, हे त्यांनी मला रोज एकदा सांगितलं. या घरात वजन कमी असणं हा काही गुण नव्हता.

तालमीची मागची बाजू

वस्ताद साठीचे, कान मोडलेले, धोतराचा काचा घट्ट. सरावासाठी मी काही दिवस आधीच आले होते, पण त्यांनी मला तालमीच्या पुढच्या दाराने नेलं नाही. मोठ्या आखाड्यात बाईने पाय ठेवायचा नाही, ही रीत. मागच्या बाजूला पत्र्याची शेड होती, तिथे मुलींसाठी वेगळी माती आणि कोपऱ्यात दांडा-वजनं. मला राग आला आणि मी तो बोलून दाखवला. म्हटलं, वस्ताद, माती पण वेगळी?

"बाई, ही शेड बी तालमीच्या पंचमंडळीशी दोन वर्सं भांडून मिळालिया," ते म्हणाले. "आदी शेड. मग आखाडा. एकदम खाली बसाय गेलं की गुडघा जातो." तोंडावर हसू नव्हतं. माझा राग मात्र पूर्ण गेला नाही, तो अजून आहे.

मग त्यांनी मला बैठक मारायला सांगितली. मी ऐंशी किलो खांद्यावर घेतलं. ते बाजूला मातीत उकिडवे बसून माझे गुडघे बघत राहिले. तीन झाल्या.

"खाली कोण हाय?" त्यांनी विचारलं.

"कुठे?"

"खालीच की. साप हाय? इंचू हाय? मधीच का थांबताय?"

मी म्हटलं, मला तर पूर्ण बसल्यासारखं वाटतं. ते म्हणाले, "वाटतंय. हाय न्हाय." आणि त्यांनी संगीताला हाक मारली.

संगीता कागलची, सतरा-अठराची, कुस्ती खेळणारी. अंगाने बारीक, पण दंडाला हात लावला तर हात मागे घ्यावा असा कडकपणा. या शेडमधली रीत अशी, की बैठका मारायच्या त्या जोडीदारणीला खांद्यावर बसवून. वर बसलेलीचे पाय पुढे लोंबत असतात. खालची पूर्ण बसली की वरचीचे तळवे मातीला टेकतात. टेकले तर बैठक, नाही तर नाही. मोजपट्टी नको की पंच नको.

संगीता टुणकन माझ्या खांद्यावर बसली, माझी वेणी लगामासारखी धरली आणि मी खाली जायला लागले.

"टेकलं न्हाईत," वरून आवाज. "अजून न्हाईत. अजून... ओ बाई, अजून! हां, टेकलं!"

बाप रे! तो खालचा भाग मी आयुष्यात पाहिलाच नव्हता. मांड्या पोटऱ्यांवर टेकल्या, नितंबाखाली मातीचा गारवा लागला, आणि तिथून वर यायचं म्हणजे विहिरीतून वर यायचं. पण आले. पुन्हा गेले. संगीता वरून ओरडत होती, बाकीच्या मुली हसत होत्या, आणि दहा-बारा बैठकांनंतर मीही हसायला लागले तर तिघी-चौघी धावल्या, बाई पडतील म्हणून. त्या दिवशी अक्कांच्या घराच्या पायऱ्या मी बसून बसून उतरले. इतकी मजा मला व्यायामात कधी आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा संगीता, पुन्हा पाय टेकले. मग वस्तादांनी दांडा दिला, आणि मी परत बोटभर वर! मला रडू यायचं बाकी होतं. मुलगी खांद्यावर असताना जमतं ते लोखंड असताना का जमू नये?

वस्ताद म्हणाले, "पोरगी वरनं बोंबलतिया. लोखंड बोलत न्हाय. म्हणून त्याला तू फशिवतीस." तोवर अहो-जाहो संपून मी त्यांची "तू" झाले होते. "आनी एक हाय. ऐंशी तुला सोसतंय, म्हणून तू ते मधीच झेलतीस. बघू." काय बघू, ते त्यांनी सांगितलं नाही.

रेडी झाली

स्पर्धेच्या आदल्या दिवशी वजनकाट्यावर मी साठच्या किंचित खाली होते. आता फक्त एक संध्याकाळ आणि एक सकाळ तोंड बंद ठेवायचं. तालमीतून परतले तर अंगणात लगबग. अक्कांची मोठी म्हैस व्यायली होती आणि रेडी झाली होती. म्हशीला रेडी होणं म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकांना सांगायला हवं. रेडा झाला तर दूध तेवढं या खेपेचं, रेडी झाली तर पुढच्या कितीतरी वर्षांचं. घर नुसतं फुललं होतं.

"तुझ्या पायगुणानं झाली गं!" अक्कांनी माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "ही पावणी आली आनी रेडी झाली." शेजारणी मला बघायला आल्या. वजन उचलणारी बाई म्हणून नव्हे, पायगुणाची बाई म्हणून!

आणि मग आला खर्वस. चिकाच्या दुधाचा, गूळ आणि वेलदोडा घातलेला, वडी थरथरणारी. पहिला वाटा पायगुणाच्या माणसाचा, तो नाकारला तर म्हैस दूध चोरते म्हणे. मी म्हटलं, अक्का, उद्या वजन आहे. अक्का म्हणाल्या, एक घास. तो एक घास मी खाल्ला, आणि खरं सांगायचं तर पुढच्या वड्यांचा दोष अक्कांच्या माथी मारता येणार नाही. नागपुरात डेअरीतून येणारा खर्वस मी खाल्लेला आहे. त्याचं नाव सारखं आहे, एवढंच. मी वाटी चाटून पुसून खाल्ली आणि दुसरी मागितली. मल्लाप्पा म्हणाले, "खा." ते त्यांचं त्या दिवसातलं तिसरं वाक्य असेल.

चुलवाण

सकाळी वजनाच्या खोलीत काट्यावर उभी राहिले. वजन घेणाऱ्या बाई सोलापूरच्या होत्या, मवाळ बोलणाऱ्या. त्यांनी वाचलं, मी वाचलं. साठ किलो सहाशे ग्रॅम.

कानातले काढले. बांगड्या काढल्या. सहाशेच. बाई म्हणाल्या, "वजनाची वेळ संपायला अजून तासाभराच्या वर अवकाश आहे. तोवर कितीदाही या. नंतर मात्र माझ्या हातात नाही." बाहेर आले. शून्यसुद्धा मिळणार नव्हतं या खेपेला, शून्य मिळायला निदान खेळावं लागतं. आईला काय सांगणार होते, खर्वस खाल्ला म्हणून?

दारात अक्का आणि मल्लाप्पा, नवं लुगडं, नवी टोपी, खेळ बघायला आलेले. मी सांगितलं. अक्कांचा चेहरा एकदम उतरला. "माझ्यामुळं झालं गं," म्हणाल्या, आणि मग आवाज पूर्वपदावर आला, "किती जास्त हाय? सहाशे? म्हंजी अर्ध्या शेराच्या वरच की. वेणी कापू या का?"

वेणी वाचवली ती मल्लाप्पांनी. ते म्हणाले, "गुऱ्हाळ." आणि मोटारसायकलला किक मारली.

मोटारसायकलवर मल्लाप्पा पुढे, मध्ये मी, मागे अक्का आडव्या बसलेल्या. त्यांचं गुऱ्हाळ शहराच्या कडेलाच होतं. दोन्ही बाजूंना ऊस इतका दाट आणि हिरवा, की आमच्याकडच्या कपाशी-तुरीच्या उघड्या रानांची सवय असलेल्या माझ्या डोळ्यांना तो गर्दीसारखा वाटला. मग धूर दिसला आणि वास आला. तापलेल्या गुळाचा वास उपाशी पोटी काय करतो, ते शत्रूलाही कळू नये.

गुऱ्हाळावर चपला बाहेर काढून जायचं. आत उसाच्या रसाची मोठी काहील रटरटत होती, वर फेस, आणि काहिलीखालचं चुलवाण म्हणजे जमिनीत खणलेली भट्टी. तिच्या तोंडात एक माणूस सारखी उसाची वाळकी चिपाडं कोंबत होता आणि प्रत्येक वेळी आतून ज्वाळा बाहेर झेपावत होती. मल्लाप्पांनी त्याला बाजूला सरकवलं आणि त्याच्या जागेशेजारी मला बसवलं. अंगात स्वेटर, वरून अक्कांनी आणलेली घोंगडी, डोक्याला टॉवेल.

पावण्याला रस द्यायचा ही गुऱ्हाळाची रीत. गूळ करणारा म्हातारा तांब्या घेऊन आला, "घ्या पावणं, गार रस." दुसऱ्याने पानावर गरम काकवी आणली. तिसरा शेंगदाणे घालून गुळाचा गोळा. ज्या अक्कांनी मला आल्या दिवसापासून ताटावरून उठू दिलं नव्हतं, त्या आता पदर खोचून माझ्यापुढे उभ्या राहिल्या. "कुणी काय बी देऊ नगा हिला! पाण्याचा थेंब बी न्हाय!" माणसं बिचकली. म्हाताऱ्याने हळूच मल्लाप्पांना विचारलं, "काय चुकलं वो हिचं?"

घाम म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. मे महिन्यातल्या नागपुरात वाढलेली मी, पण तो उन्हाळा एका बाजूने येत नाही. इथे पुढून भाजत होतं आणि पाठीला जानेवारीची थंडी. नाकाच्या टोकावरून थेंब टपटप पडत होते आणि अक्का ते डोळ्यांनी मोजत असाव्यात, कारण मध्येच म्हणाल्या, "आता झालं असंल." मी म्हटलं, अजून. डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले तसे मल्लाप्पांनी मला दंडाला धरून उठवलं.

परत आलो तेव्हा वेळ संपत आली होती. काट्यावर उभी राहिले, श्वास सोडला. साठ. त्याच्यावर एक रेघ नाही. सोलापूरच्या बाईंनी मान हलवली आणि मग वाकून माझ्या केसांचा वास घेतला. "गूळ?" त्यांनी विचारलं.

मैदान

त्यानंतर दीड-दोन तास अक्का मला गूळ, लिंबू आणि मीठ घातलेलं पाणी पाजत होत्या, थोडं थोडं, वस्तादांनी सांगितलं तसं. वस्तादांनी एका शब्दाने रागावून दाखवलं नाही. खर्वसाची गोष्ट ऐकून एवढंच म्हणाले, "मी बी खाल्ला असता."

शाळेच्या पटांगणात मांडव होता आणि त्यात कुस्ती बघायची सवय असलेलं कोल्हापूर. आमच्याकडे अशा स्पर्धेला खेळाडू आणि त्यांचे दोन-चार नातेवाईक असतात. इथे माणसं झाडावर होती. हलगीवाला होता! वजन उचलायला खेळाडू उभा राहिला की हलगी कडाडायची, शिट्ट्या, फेटे हवेत. पुण्याहून आलेले मुख्य पंच ध्वनिक्षेपकावरून शांततेची विनंती करून थकले आणि शेवटी स्वतःच तालावर पाय हलवताना मी त्यांना पाहिलं. तीन पंच, प्रत्येकाच्या हातात एक पांढरा बावटा, एक लाल. दोन पांढरे मिळाले की जिंकलं.

माझी पहिली बैठक ऐंशी. दांडा घेतला, खाली गेले, उठले, सोपं वाटलं. तीन लाल. अर्धवट.

दुसरी, पुन्हा ऐंशी. खाली जाताना संगीताचा आवाज आठवायचा प्रयत्न केला, पण हलगी वाजत होती, मांड्या थरथरत होत्या, चुलवाणाने ओढून नेलेलं पाणी अजून अंगात परतलं नव्हतं. दोन लाल, एक पांढरा.

मी येऊन खुर्चीत बसले.  नियमाप्रमाणे वजन कमी करून मागता येत नाही. तेवढंच किंवा जास्त. समोर पहिल्या रांगेत अक्का बसल्या होत्या, गळ्यातलं इष्टलिंग मुठीत घट्ट धरून, डोळे मिटून. मला आईची आठवण आली, आणि भंगारवाल्याच्या हातगाडीवर माझा दांडा कसा दिसेल ते दिसलं.

तेवढ्यात ध्वनिक्षेपकावर माझं नाव आणि पुढे आकडा. नव्वद.

मला वाटलं चूक झाली. वळून बघते तर वस्ताद नोंदणीच्या टेबलाकडून चालत येत होते, हात पाठीमागे.

"वस्ताद! ऐंशी दोनदा बाद झालं!"

"व्हय. वर आलीस का न्हाय? आलीस. ताकतीनं बाद न्हाय झालीस, बसण्यानं झालीस." ते माझ्यापुढे उकिडवे बसले. "ऐंशी तुला खाली न्हेत न्हाय. तू त्याला वरच्या वर झेलतीस. नव्वद झेलाय येणार न्हाय. ते न्हील तुला खाली, तू नगो म्हनलीस तरी. तू फकस्त वर ये."

"आणि नाही आले तर?"

"तर शून्य. ऐंशीनं बी शून्यच हाय."

गणिताच्या बाईला या हिशोबात चूक काढता येईना. मला एकदम हसू आलं. भीती होती, पण ती आता पोटात होती, गुडघ्यात नव्हती.

नव्वद खांद्यावर घेतलं आणि पाठीचा कणा आवळला गेला. ऐंशीत आणि नव्वदात दहाचा फरक आहे, हे कागदावर खरं आहे. मी गुडघे मोडले आणि वजनाने मला नेलं. जिथे मी रोज थांबायची ती जागा मागे गेली, मला दिसलीसुद्धा. थांबायचं माझ्या हातात उरलंच नव्हतं. मांड्या पोटऱ्यांना भिडल्या आणि मी त्या खालच्या, ओळखीच्या जागी पोचले. तिथे मी शेडमध्ये कितीतरी वेळा जाऊन आले होते. तिथून वरची वाट मला पाठ होती.

अर्ध्यावर दांडा थांबला. किती वेळ ते मला माहीत नाही. हलगी थांबली होती, एवढं आठवतं. त्या सबंध मांडवात फक्त संगीताचा आवाज होता, "ओ बाई! ओ बाई! ओ बाई!" आणि मग दांडा हलला, हळू, फार हळू, आणि मी ताठ उभी होते. पंचांनी दांडा ठेवायची खूण केली, मी तो लोखंडी घोडीवर ठेवला आणि मागे वळून बघायची हिंमत होईना.

मांडव उठला. टोप्या उडाल्या. मग बघितलं. पांढरे. तिन्ही पांढरे!

पुढचे दोन प्रकार मी जवळपास नाचत केले. बाकावर साडेबेचाळीस, जमिनीवरून एकशे पाच. पाच जणींत तिसरी आले. अक्का प्रत्येक भेटणाऱ्याला सांगत होत्या की ही आमच्यात उतरली आहे. वस्तादांच्या घरी संध्याकाळी रस्सा झाला, आणि सावजी की कोल्हापुरी याचा निकाल मी तिथे जाहीर केला नाही, कारण मला सुखरूप परत यायचं होतं.

रस्त्यापलीकडच्या बूथवरून नागपूरला फोन लावला. आमच्या घरी तेव्हा फोन नव्हता, शेजारच्या बोरकर काकूंकडे यायचा. आईने त्यांना आणि सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं, की मी शिक्षकांच्या ट्रेनिंगला कोल्हापूरला गेले आहे. लग्नाची मुलगी वजनं उचलते हे कुणाला कळू नये म्हणून प्रत्येक स्पर्धेच्या वेळी माझं एक ट्रेनिंग असायचं. त्यामुळे फोनवर तिला मोकळं बोलता येत नसे. ती नुसती हं, हं करायची.

आई आली. धाप लागलेली ऐकू येत होती.

"पुरी बसली का?" तिने विचारलं.

 ती दोन शून्यं कशी आली हे तिने कधी विचारलं नव्हतं, मीही सांगितलं नव्हतं. कशामुळे बाद होते हे तिला माहीत आहे, हेच मला माहीत नव्हतं.

"पुरी बसले, आई. नव्वद. तिन्ही पांढरे."

  मग आईचा आवाज आला, पण तो माझ्यासाठी नव्हता, आणि तिने रिसीव्हरवर हातही ठेवला नव्हता.

"बोरकरताई, तो टीव्ही बंद करा जी जरा. ट्रेनिंग-फ्रेनिंग काही नाही ते. वजनं उचलते माही पोट्टी. नव्वद किलो खांद्यावर घेऊन पुरी बसली आन् उठून उभी राह्यली."